कंपनीचं जाकीट

बोटीवरच्या उपाहारगृहात गरम धिरड्यांसाठी रांग लागली होती. रांगेत उभ्या असलेल्या गुडनीच्या पुढेच एका मायलेकांची जुंपली होती.

“सिग्वे, ते जाकीट काढ आधी.”

“आई, थंडी आहे. साधं जाकीट तर आहे.”

“पाठीवर सॅमन मासे विकणाऱ्या कंपनीचं नाव आहे. गेल्या महिन्यापर्यंत तू मासेमारी मंत्री होतास.”

“त्यांच्याकडे नोकरी धरू का, म्हणून माजी मंत्र्यांच्या नोकऱ्या तपासणाऱ्या समितीकडे रीतसर अर्ज केलाय. सहा महिने थांब म्हणाले, तर थांबेन.”

“आणि निकालाआधीच त्यांचे कपडे घालून हिंडतोस?”

“त्यांनी प्रेमाने दिलं. नाही कसं म्हणणार?”

“तोंडाने!”

“मंत्रिपद सोडल्यावर आधी समितीला विचारायचं, हा नियम संसदेत मीच लावून धरला होता. मला नको शिकवूस.”

“म्हणूनच शिकवतेय. तुझं ते भाषण मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं.”

“दुसरं काही आणलेलं नाहीये, आई.”

“हा घे माझा स्वेटर.”

“फुलाफुलांचा? लोक हसतील!”

“हसू देत. स्वेटरला हसतील. त्या जाकिटाला कुणी हसणार नाही, तुला नावं ठेवतील.”

रांग सरकली. माजी मंत्री काउंटरशी पोचले, तेव्हा स्वेटरच्या बाह्या त्यांच्या कोपरापर्यंतच आल्या होत्या. गुडनीने मागे वळून पाहिलं. कुणीच हसत नव्हतं.