लाल दिव्यांचा पहिला नंबर

गोदावरीच्या घाटावर नावेच्या रांगेत उभ्या सालेहाचे कान मागच्या मावशी-भाच्याकडं लागले होते.

"रामलिंग, नदीतले खडक दाखवणारे लाल दिवे तपासायला शिकलास का रे?"

"हाव मावशी. लातूरच्या सरांनी आम्हा स्वयंसेवकांचा क्लासच घेतला. पाचशे प्रश्न पाठ! माझा पहिला नंबर."

"मग दिवे बघितलेस?"

"न्हाई. ते प्रॅक्टिकलला हाय."

"अन् प्रॅक्टिकल?"

"ते झालंच न्हाई. त्याचे सगळ्यांलाच वीसपैकी वीस."

"म्हंजे सगळेच पास!"

"एकटे हनीफचाचा नापास. पेपर कोराच दिला."

"हे नाववाले?"

"हाव. तीस वर्षं नदीत हायेत, पण एक व्याख्या येत न्हाई."

हनीफचाचांची नाव काठाला लागली. रामलिंगनं पाय उचलला अन् परत मागं घेतला.

"चाचा, जरा हात धरा. मला पाण्याचं लई भेव वाटतं."