निकालाच्या दिवशीचं लोणचं

भीमपूरच्या बसमध्ये प्रतिभाच्या पुढच्या बाकावर दोघी जणी बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर कैऱ्यांची थैली, तरण्या बाईच्या मांडीवर लसणाची.

"काकू, लोणचं उद्याच काऊन? उद्या तर इंटरचा, बारावीचा निकाल हाय."

"म्हणूनच. दरसाल याच दिवसात पोरं जिवाचं बरंवाईट करून घेते. पास झालेल्याच्या घरी पेढे, अन् नापास झालेलं खोलीत एकटं."

"मंग?"

"मंग मी त्याच्या दारी जातो. म्हणतो, हात दुखून राह्यला, लसूण सोलायले चाल बाप्पा."

"येते?"

"येते ना. सोलता सोलता रडून होते, सप्लिमेंटरी परीक्षेचं बोलून होते. जाताना सांगतो, महिन्यानं लोणचं मुरते, तुयी बरणी न्यायले ये."

तरणीनं मांडीवरची लसणाची थैली सावरली.

"काकू, मले बलावलं तवा तुमचा हात खरंच दुखत होता ना?"

"त्या साली खरंच दुखत होता."

"खोट्या हा तुमी!"

दोघी खुदूखुदू हसल्या. प्रतिभा पुढे वाकली.

"मावशी, मायी पोरगी पाठवू काय? तिचाबी निकाल हाय उद्या."

"पाठव. पास झाली तरी पाठव."