मेणिकेचं हिरवं मत

मेणिके : दार लोटून घे आधी. सून स्वयंपाकघरात आहे, तिचे कान तिखट आहेत.

बंडा : लोटलं. बोल आता. सकाळी सकाळी निरोप धाडलास, मला वाटलं गेलंच कुणीतरी.

मेणिके : अजून तरी नाही. बंडादादा, शनिवारी मला मतदानाला घेऊन चल.

बंडा : मी? शेजाऱ्याला कशाला त्रास? तुझा निहाल आहे की घरात, चांगला धडधाकट मुलगा.

मेणिके : नुसतं न्यायचं नाही रे. मतपत्रिकेवरचं काही दिसत नाही मला आता. साखरेनं डोळे खाल्ले. ग्रामसेवकानं दाखला करून दिलाय, सोबत एकाला आत नेता येतं. फुली त्यानं मारायची.

बंडा : आणि ती मी मारायची? हिरव्यांवर?

मेणिके : हिरव्यांवर.

बंडा : बाई गं! साखर डोक्यात चढली की काय तुझ्या? अख्खा कुरुनेगल जिल्हा मला निळ्या पक्षाचा म्हणून ओळखतो. माझ्या कुंपणाचे खांबसुद्धा निळे आहेत!

मेणिके : म्हणून तर. निहाल लालवाल्यांच्या नादी लागलाय. "हो अम्मे, हो अम्मे" म्हणेल आणि आत जाऊन खुशाल लालवर मारेल. सून तर तोंडच उघडत नाही, तिचं मत कुणाला ते देव जाणे.

बंडा : मग तिथल्या साहेबाला सांग. तो मारून देतो.

मेणिके : परक्या माणसाच्या कानात सांगू? आजवर मी आमच्या पक्षाचं नाव तुला ऐकू जाईल असं ओरडूनच घेतलंय.

बंडा : ओरडायचीस म्हणजे काय! तुम्ही राष्ट्राध्यक्ष निवडून आणलात, तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, अप्पूहामीनं, माझ्याच दारात फटाक्यांची माळ लावली. गाय तीन दिवस दूध देईना.

मेणिके : आणि तुम्ही जिंकलात तेव्हा? दूधभाताचं पहिलं ताट कुणाकडे आलं? आमच्याकडे! तू स्वतः घेऊन आलास, मेल्या.

बंडा : हरलेल्यांची तोंडं बघायची होती मला.

मेणिके : रडत रडत खाल्ला तो भात. खरं सांगू? फार छान झाला होता.

बंडा : आमच्या हिचा हात होता तो. तसा भात नाही मिळाला पुन्हा.

मेणिके : निळ्यांच्या दुकानातून आम्ही मीठसुद्धा आणत नव्हतो. मीठ संपलं की दीड मैल चालत आमच्या हिरव्यांच्या दुकानात.

बंडा : गावात न्हावी एकच, तोही हिरवा. लग्नाच्या दिवशी दाढी मी माझ्या हातानं केली. कापलेला गाल फोटोत अजून दिसतो.

मेणिके : काय दिवस होते रे! आता निहालला काही विचारलं की म्हणतो, "अम्मे, ते सगळं जुनं झालं." मला त्या दिवसांची इतकी आठवण येते.

बंडा : मलाही येते. पण हे मला जमायचं नाही, मेणिके.

मेणिके : का?

बंडा : मी आमचा पोलिंग एजंट. एजंटाला कुणाचा सोबती होता येत नाही, तसा नियमच आहे. छत्तीस वर्षं शाळेतल्या त्या बाकावर बसतोय मी.

मेणिके : ठाऊक आहे मला.

बंडा : ठाऊक असून मागतेस? आमची नवी मंडळी टपूनच बसलीत, म्हाताऱ्याला घरी बसवा म्हणून. या खेपेला बाक सोडला की गेला कायमचा. आणि सोडला कशासाठी, तर हिरव्या मतासाठी! तोंड कुठे दाखवू मी?

मेणिके : मग राहू दे. मी घरीच बसते.

बंडा : रुसू नकोस अशी.

मेणिके : रुसत नाही रे. हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा मी मत देऊन आले होते. तूच तुमचे निळे झेंडे उतरवून रस्त्याभर शोकाचे पांढरे लावले होतेस. एकही निवडणूक चुकवली नाही मी. ही चुकेल, दुसरं काय.

बंडा : सात वाजता तयार राहा. उन्हं चढायच्या आत जाऊन येऊ. आणि ओळखपत्र विसरू नकोस.

(शनिवार सकाळ. शाळेच्या फाटकाबाहेर, फणसाखाली.)

मेणिके : तुझ्या बाकावर कोण बसलं होतं रे?

बंडा : आमच्यातलाच एक नवा. गावातल्या माणसांनाही ओळखत नाही. तुझ्याकडे बघून मला विचारतो, ही कोण.

मेणिके : वाईट वाटतंय?

बंडा : वाटतंय. खोटं कशाला बोलू? सगळे बघत होते. एक-दोघं हसलेसुद्धा.

मेणिके : आत इतका वेळ का लागला?

बंडा : हात पुढे जाईना. तुमच्या चिन्हाच्या खालीच आमचं. आयुष्यात पहिल्यांदा वरच्या घरात फुली मारली.

मेणिके : चौकटीच्या बाहेर नाही ना गेली?

बंडा : अगदी मधोमध आहे. हे बघ मेणिके, तुला दिसत नाही. उगाच मनात शंका नको. समोरच विहार आहे, बोधिवृक्षाखाली उभा राहून शपथ घेतो.

मेणिके : राहू दे रे. शपथच ऐकायची असती तर मुलाला आणलं असतं.