झुंबरबाई वाळली कशानं

हॅलो?… व्हय, पणदऱ्यातनंच. झुंबर बोलतीया, कोण?… सारजा व्हय. मग मोठ्यानं बोल की. थोरल्या बहिणीशी बोलतीस का चोरी करतीस?

…कुणाच्या घरातनं?… बनाबाईंच्या? लोणी देवकरला गेलीस तू सकाळच्या पारी?… आन त्या कुठं हायत?… मागं गोठ्यात. बरं, मग त्या यायच्या आत सांग काय झालंया ते.

…हं.

…हं.

…कोण म्हणालं टीबी?

त्यांची नणंद. तिनं कुठं बघितलं मला?… नरसिंहपूरच्या लग्नात. व्हय, हुते की मी. …न्हाय लावला बुंदीला हात. भात बी दोन घासच घेतला. …गळ्याची हाडं दिसत हुती? असतील दिसत. हायतच ती, सगळ्यांना असत्यात.

न्हाय, हसत न्हाय मी. पुढं सांग.

…आईला असला रोग असंल तर लेक करायची न्हाय. हे बनाबाई म्हणाल्या का नणंद?… नणंद म्हणाली. आन बनाबाई गप बसल्या. …व्हय, ठाव हाय. बारा तारखेला साखरपुडा, आज दोन.

सुकन्या न्हाय घरात. बारामतीला गेलीया, कालिजात. …तिला कळू देऊ नको. तिला बनाबाईंचा दीपक पसंत हाय, सारजा. तोंडानं म्हणत न्हाय ती. पण त्याचं नाव निघालं की भांडी घासायला बसती, घासलेली बी.

…आता तूच मला इचारतीस? तुला वाटतंय का मी लपवतीया?

…वाटतंय. बरं.

न्हाय गं, रागावले न्हाय. थोडं लपवलंच हाय मी, म्हणून इचारलं. ऐक. दोन वरसांखाली पाय मुरगळला म्हणून सांगितलं हुतं की न्हाय तुला? मुरगळला न्हवता.

…अगं ऐक ना. उसाला पाणी चाललं हुतं. तुझं दाजी मोटरीकडं, मी खालच्या अंगाला. एका सरीतनं दुसऱ्या सरीत पाणी वळवायला वाकले, तोल गेला, बसले. बसले ते उठताच येईना. गुडघा टेकवला तर रुतायचा, हात टेकवला तर रुतायचा. पाणी मांडीवर आलं. हाका मारल्या, पण मोटरीच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय. तासभर तशीच.

…मग काय. तुझं दाजी आलं, त्यांच्या एकट्यानं मी उचलंना. शेजारच्या रानातनं दोन गडी बोलावलं. चिखलातनं म्हस ओढत्यात तसं ओढलं मला. …न्हाय, हसलं न्हायत ते. खाली बघत हुते. हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी, सारजा. मेंढरांमागं कोकणापातूर चालत गेलेली. सुकन्या पोटात असताना घाट उतरले मी. आन घरापासनं चार सऱ्यांवर बसून ऱ्हायले.

…तेच की. मेंढरं इकली, पाणी आलं, ऊस झाला, घर झालं. चालायचं कारणच ऱ्हायलं न्हाय. बसून चहा. आलं-गेलं धरून दिसाला सात कप, आन कारखान्याची सभासदाची साखर घरात पोत्यानं. चमचा कोण मोजतंय.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, शहाऐंशी किलो भरले. रक्त तपासलं. साखर निघाली, दोनशे ऐंशी.

…व्हय. ती साखर हाय मला. तेवढंच तू धरून चालायचं, दुसरं काय न्हाय.

…न्हाय, पावडर-बिवडर काय न्हाय दिली त्यांनी. उलट मीच शानपणा केला. गोळ्या घ्यायच्या आन जेवायचंच न्हाय असं ठरवलं. दोन महिने नुसतं ताक आन चार घास. सहा किलो उतरले, आन एका हळदीत सगळ्या बायकांच्या मदी चक्कर येऊन पडले. मग भ्याले, खायला लागले, ते आठ किलो चढले.

पुन्हा गेले तवा त्या बाई रागावल्या न्हायत. एवढंच म्हणाल्या, जे मरेपर्यंत करता येणार न्हाय ते आजपासून करू नका. मला ते पटलं.

…काय केलं म्हंजी? तुला सांगण्यासारखं काय न्हाय त्यात. चहातली साखर पंधरा दिवसाला अर्धा चमचा कमी करत गेले. तिसऱ्या महिन्यात सरलीच. तीन भाकरीच्या दोन केल्या, दोनाची दीड. भाजी दुप्पट. शेपू, मेथी, मटकी, रानात जे असंल ते. तेल पळीनं वतत हुते ते चमच्यानं. रातचं जेवण दिवेलागणीला. झालं.

आन चालणं. कालव्याच्या कडंनं पुलापातूर आन माघारी. …लाज वाटायची की. बिनकामाची बाई रस्त्यानं चाललीया. मोटारसायकलवाले थांबायचे, मामी कुठं निघाला, बसा मागं. मग मी इळा घेऊन जायला लागले, गवताला निघाल्यागत. येताना शेळीला पेंढी आणायचे. चार महिने असं केलं. एक दिवस इळा घरीच ऱ्हायला, पुलाजवळ गेल्यावर ध्यानात आलं. मग न्हायच नेला.

…बावीस महिने लागले. एखाद्या महिन्यात काय उतरायचंच न्हाय. दिवाळीत दोन किलो चढले, ते संक्रांतीपातूर जात न्हवते. आता चौसष्ट भरते. गोळी निम्म्यावर आली, बाईंनीच केली. …तोंड उतरलंया, खरं हाय. दंडाची कातडी लोंबती. पोलकी सगळी आत घातली. पण मी बसले तर उठते, सारजा. कुणाचा हात न धरता.

…

मग आता काय म्हणतीस?

…साखरपुड्यात मी सगळ्यांच्या म्होरं बुंदी खाऊ. …साखरंचा चहा घेऊ. …आन दहा दिवस दूध-तूप खाऊन जरा भरून निघू. हे कुणी शिकवलं तुला?

…ते कळलं मला. माझ्यासाठीच म्हणतीस. पण दहा दिसांत गाल भरत न्हायत, सारजा, नुसती साखर वाढती.

…आन साखर हाय हे सांगायचंच न्हाय. का?… पोरीला बी हुईल म्हणतील. …मग तू त्यांना आदी काय सांगितलंयस?… आईला कसलाच आजार न्हाय. शप्पत घेऊन सांगितलं.

…न्हाय, तुझी चूक न्हाय. मी तुला खरं सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस शप्पत. पण आता मी काय करू? लग्न झाल्यावर त्यांच्या घरी उतरले, गोळी घेताना कुणी बघितलं, तर सुकन्यानं काय सांगायचं? आईनं फशिवलं म्हणून? …मोडंल की. मोडू शकतं. मला भ्या वाटत न्हाय असं समजू नको. काल सुकन्यानं साखरपुड्याचं पोलकं शिवायला मापाला तिचं जुनं काढून ठेवलंया, तितंच खुंटीला हाय, माझ्या म्होरं.

…आल्या का? …मग दे त्यांच्याकडं फोन. …दे म्हणतीया ना मी. सारजा, दे.

…

नमस्कार, बनाबाई. झुंबर बोलतीया. विहीणबाई म्हणू का नको, ते तुमीच ठरवा. …बरं हायत सगळे. म्हशी बऱ्या हायत का?… हं.

तुमच्या नणंदबाईंनी बघितलं ते खोटं न्हाय. वाळलेय मी. शहाऐंशी किलोची चौसष्ट झाले. पण टीबी न्हाय. मला साखर हाय.

…व्हय, ती साखर. दोन वरसं झाली. सारजानं तुमाला न्हाय म्हणून सांगितलं ते माझ्यामुळं. तिला मी अर्धंच सांगितलं हुतं. तो बोल तिच्यावर ठेवू नका.

…हं. …त्याचं बी सांगते. पोरीला हुईल का, हे मी डॉक्टरीणबाईंना आदीच इचारलंया. हुईलच असं न्हाय म्हणाल्या, पण हू शकतं. मी हात वर करून न्हाय म्हणणार न्हाय. सुकन्या माझ्यासंगं चालायला येती, माझ्याच ताटातलं जेवती. तेवढं माझ्या हातात हुतं, ते केलंया. दवाखान्याचे सगळे कागद हायत, घेऊन या म्हणाला तर येते. आन नको वाटलं तर तुमी तसं सांगा. मी गावात तुमचं वाईट बोलणार न्हाय.

…

…कशानं केलं म्हंजी, खाणं आन चालणं. …बाजरीची. ज्वारीची बी. …दीड. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी. …सुरवातीला लागायची की भूक. भाजी जास्त घेतली की भागतं. …न्हाय, रातचं घशाला कोरड पडायची ती आता पडत न्हाय. …व्हय, उठावं लागायचं की, पाच-पाच वेळा. ते बी थांबलं.

…पण तुमाला कसं ठाव, मी रातचं उठायचे ते? मी सांगायच्या आदी तुमीच इचारलं, उठावं लागायचं का.

…

सारजा हाय का तितं?… बाहेर ओट्यावर गेली. दार लोटून घ्या. मग बोला.

…हं.

…कवा तपासलं?… आषाढात. किती निघाली?… तीनशे दहा. आन घेता काय मग?… कायच न्हाय?

…कागद पेटीत. लुगड्यांच्या खाली. दीपकला न्हाय सांगितलं. …मालकांना बी न्हाय. बनाबाई, चार महिने झाले.

…रडा. मी हाय फोनवर.

…म्हणूनच नणंद बोलत हुती तवा तुमी गप बसला. …न्हाय, मला राग न्हाय आला. मी तुमच्या जागी असते तर मी बी गपच बसले असते. मी तर बहिणीला पाय मुरगळला म्हणून सांगितलं.

…न्हाय, ते न्हाय करायचं. माझ्यासारखं जेवण सोडून बसू नका, चक्कर येती. आन माझ्या गोळ्या तुमाला चालायच्या न्हायत. आदी दवाखाना. इंदापूरला बघा, सकाळी उपाशीपोटी रक्त तपासत्यात. त्या कागदासकट जा. …चालायचं नंतर. ते मी सांगते, घाई न्हाय त्याची.

…मी सांगू दीपकला? न्हाय. ते तुमच्याच तोंडनं जायला पायजे. …व्हय, अवघड हाय. मी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी येते. तुमी सांगा, मी शेजारी बसते. बोलणार न्हाय काय, नुसती बसते.

…

…मग बारा तारीख?… तीच. बरं.

…नणंदंला काय सांगायचं ते तुमी बघा. माझं नाव घेऊन खुशाल सांगा, हिला साखर हाय. तुमचं मातूर तुमाला वाटंल तवाच.

सारजाला उद्या तुमच्यासंगं दवाखान्यात पाठवू का? एकटीनं जाऊ नका पहिल्यांदा. …चालंल ना? मग द्या तिला. …हां, विहीणबाई. ठेवू नका, तिला द्या.

…

सारजा?… व्हय. …आत गेल्या? …डोळे पुसत गेल्या. न्हाय, मी वाईट काय बोलले न्हाय. …न्हाय मोडलं. तारीख तीच हाय.

…व्हय, सगळं सांगितलं. …तुझ्यावर काय आलं न्हाय, मी सांगितलंय त्यांना. …मग एवढा येळ काय बोलत हुतो ते आमच्या दोघींचं हाय.

आता मी सांगते ते कर. आज इंदापूरला तुझ्या घरी माघारी जाऊ नको, तितंच मुक्काम कर. …घरी फोन करून सांग की. उद्या सकाळी त्यांच्यासंगं दवाखान्यात जायचं. …कशाला ते त्या सांगतील. सांगितलं तर ऐक. न्हाय सांगितलं तर इचारू नको, नुसती संगं जा.

…व्हय, आन त्या जेवल्याशिवाय निघतील. तू बी जेवू नको तवर.

…बरं. ठेवते मी.