आसारामाच्या बांधावरची रेंज

आन म्हनं स्मार्ट! आवं, डोंबलाचा स्मार्ट! तुमाला सांगतो, माझा जुना बटनाचा फोन शेनात पडला, म्हशीनं त्याच्यावर पाय दिला, तरी पुसला की बोलायचा! पर आमची रोहिणी... सावेडीला दिलीय, फ्लॅटात ऱ्हाती... ती लागली रडायला, "आबा, फोनवर तुमचं तोंडच दिसत न्हाई हो!" आता माझं तोंड काय बघायचंय? तिची आई इथं असून बघत न्हाई!

पर शेवटी पोटची पोरगी पडली ना... गेलो राहात्याला. दुकानदार लई गोड, "काका, फोन नवा तर कंपनी बी नवी घ्या! नंबर त्योच, रेंज फुल्ल, वाळवंटात बी लागतंय!" मग टावर बी वाळवंटातच लावला आसंल लेकाच्यांनी, आमच्या वस्तीवर रेंजच्या जागी नुसती फुली! फाट्यावर जाऊन कंपनीला लावला, तर एक बाई, "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे..." आगं, मोलाचा हाय तर बोल की! गानं कशाला लावती?

आन म्हनं स्मार्ट!

बरं, येळ कोनती? उसाला तुरा आलेला, रोज वजन घटतंय. तोडनी टोळीचा मुकादम रामहरी सांगून गेला, "नाना, सकाळी फोन करतो. हो म्हनला की कोयते तुमच्या फडात. न्हाई लागला तर फुडच्याकडं जानार, मग माझ्या नावानं बोंबलू नका." झालं! विहिरीच्या कठड्यावर चढलो... फुली. ट्रॉलीवर चढलो... फुली. ह्या वयात लिंबावर चढलो, मुंगळा चावला, तरी फुलीच! आन शेवटी रेंज घावली कुठं? आसारामाच्या बांधावर! आसाराम म्हंजी माझा चुलतभाऊ. त्याच बांधावरनं आमचं कोर्टात चाललंय, एकमेकाच्या लग्नकार्याला बी जात न्हाई आमी!

तेवढ्यात वाजला. मी बोट घासतोय, घासतोय, उचलंना! हाताला ह्ये घट्टे, ह्या भेगा, त्या काचंला कळंचना ह्यो मानूस हाय का लाकूड! शेवटी नाकानं सरकावला... नाकानं! आन म्हनं स्मार्ट! "हॅलो मुकादम" म्हनतोय तं आसाराम पलीकडनं, "ए बजरंग्या! उतर माझ्या बांधावरनं!" माझं डोकंच सटकलं. "तू कोन रं मला सांगनार? माझ्या वावरात पाय ठिवून बघ, तंगडं तोडून हातात देतो! चल, नीघ!"

फोन कानालाच व्हता हो!

रामहरी तिकडनं एकदम थंड, "बरं नाना. न्हाई ठिवत पाय." कट! परत नाक घासलं, तर "आपण कॉल केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे." कुनाच्या? समोर आसाराम बटनाचा फोन कानाला लावून, "या, या, रामहरीभाऊ! आमच्याकडं तंगडी शाबूत ऱ्हात्यात!"

आता त्याच्या फडात कोयते चाललेत, आन माझे तुरे बसलेत वाऱ्यावर डुलत. रामहरी म्हनतो, "ह्ये उरकलं की फोन करीन, येळंला उचला." म्हून मी रोज बांधावर फोन धरून बसतो. आसाराम च्याचा कप घेऊन येतो, दात काढत. काल रोहिणीचा व्हिडिओ कॉल आला, "आबा, मागं आसारामकाका का हसतायत?" काय सांगू पोरीला? वाटतं, कप त्याच्या तोंडावर मारावा... पर पितो गुमान. भांडून करता काय? रेंज त्याच्याच बांधावर हाय!