अकराला बाहेर, दोनला आत

...नाही, पण मला सांगा, सुट्टी म्हणजे काय? माणूस एका जागी बूड टेकवतो, ती सुट्टी! बरोबर ना? आणि आम्ही काय केलं? चौतीस फुटी चाकांवरचं घर घेऊन नॅशनल पार्कात वरात काढली. पार्कचं नाव घेत नाही... त्यांनी ऐकलं तर पुढच्या वर्षी माझ्या मेहुण्याला जागा देतील आणि मला फाट्यावर मारतील. पण नियम ऐकून ठेवा. अकराला जागा सोडायची, दोनला नव्या जागेत शिरायचं. मधले तीन तास तुम्ही कुणाचेच नाही. अकराला बाहेर, दोनला आत!

तुम्हाला सांगतो, हौस माझी नव्हती. हौस लवॉनची. लवॉन म्हणजे आमचं कुटुंब. नेब्रास्कात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली बाईनं. बर्फात, चिखलात, मागे साठ कार्टी बोंबलतायत. निवृत्त झाली त्या दिवशी बसची किल्ली देऊन घरी आली आणि म्हणाली, "मर्ल, मला नदीकाठी खुर्ची टाकून बसायचंय. चार दिवस. गाडी एक इंचही हलवायची नाही." एकतीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं हो! नाही कसं म्हणणार? म्हणून तर हे चाकांवरचं घर, म्हणजे आरव्ही, घेतली. चालवणार अर्थात तीच. मी चर्चची पाटी पाडल्यापासून मला रिव्हर्स घ्यायला बंदी आहे. पाटी आधीच वाकडी होती, पण ते सोडा.

आता जुलैत नदीकाठी बसायचं तर बुकिंग कधी? जानेवारीत! बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आम्ही बसायच्या खुर्च्यांचा विचार करतोय. सकाळी आठच्या ठोक्याला बुकिंग उघडतं. मी सैन्य उभं केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आणि लवॉन, ओमाहात मेहुणा डेल्बर्ट, तिच्या ऑफिसात आमची लेक केंड्रा, सगळे एका फोनवर. हुकूम स्पष्ट होता : एकच जागा, चारही रात्री. डेल्बर्ट म्हणतो, "काळजी करू नको रे, माझं बोट विजेसारखं चालतं!" ह्या माणसाला टीव्हीचा आवाज कमी करायला दहा मिनिटं लागतात.

आठ वाजले. आठ वाजून दोन सेकंदांनी पडदा लालेलाल! सगळं भरलं! अहो, हे लोक कोण आहेत? झोपतात की नाही? माझा धीर सुटला आणि मी ओरडलो, "मिळेल ते घ्या!"

घेतलं. ज्याला जी रात्र दिसली ती त्यानं घेतली. सोमवार मला, मंगळवार डेल्बर्टला, बुधवार केंड्राला, गुरुवार लवॉनला. चारही रात्री! आम्ही आनंदानं चेरीची पाई कापली. डेल्बर्ट फोनवर रडला. मग लवॉननं चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाली, "मर्ल, ह्या चार वेगवेगळ्या जागा आहेत."

कळलं का तुम्हाला? चार रात्री, चार जागा!

तर जुलैत मंगळवारी सकाळी... कापडी छत गुंडाळा, खोली वाढवायला बाहेर सरकवलेली भिंत आत घ्या, पाण्याचा पाईप सोडा, सांडपाण्याची नळी सोडा (ती मी सोडली, त्याबद्दल विचारू नका), चाकांखालच्या फळ्या काढा. कशासाठी? पलीकडच्या झाडाखाली जायला! ती जागा रिकामीच होती हो! मी रेंजरबाईंना म्हटलं, "ताई, समोर दिसतेय, शिरू का?" बाई टोपी सरळ करत म्हणतात, "दोन वाजता, सर." "मग तोवर इथेच थांबतो." "अकरा वाजले, सर." दिवसाच्या पार्किंगमध्ये एवढं लांब वाहन चालत नाही. मग? लवॉन स्टिअरिंगवर, आणि आमच्या गोल गोल चकरा. अकराला बाहेर, दोनला आत!

ती नदी आम्ही बारा वेळा ओलांडली. बसलो एकदाही नाही. एका वळणावर बायसन उभा असायचा. मंगळवारी पहिल्या चकरेत त्यानं पाहिलं, दुसऱ्या चकरेत मान हलवली. खोटं वाटेल, पण बुधवारी तो रस्त्याच्या कडेला आमची वाट बघत उभा होता, आणि लवॉननं शाळेच्या बसच्या सवयीनं गाडी थांबवून दार उघडलं! त्यानं एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. मी ओरडलो नसतो तर मागच्या सीटवर बसला असता.

ती हसली नाही. नुसती म्हणाली, "मर्ल, बसमध्ये मला पगार तरी मिळायचा." एकतीस वर्षांतली एक मागणी, आणि मी तिला पुन्हा वेळापत्रकावर नेऊन बसवलं होतं.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना, घाईत निघताना मागचं चाक खडकावर चढलं आणि खालून असा आवाज आला... चाकांचा आस तुटला! ओढगाडी आली, आमचं घर लोंबकळत फाटकाबाहेर निघालं. रेंजरबाई म्हणतात, "वेळेत जागा सोडल्याबद्दल आभार, सर."

गावातल्या गॅरेजमागे नेऊन ठेवलं. मेकॅनिक एमेट खाली वाकून बघत म्हणाला, "सामान यायला चार दिवस. तोवर हलवायची नाही हं. एक इंचही नाही."

मी घाबरत लवॉनकडे पाहिलं. तिनं खुर्ची काढली. जुन्या टायरांचा ढीग आणि शेतपाण्याचा पाट, ह्यांच्या मधोमध टाकली. बूट काढले. पाटात पाय सोडले. चार दिवस, तुम्हाला सांगतो, ती फक्त सँडविच घ्यायला उठली. कुणी अकरा म्हटलं नाही, कुणी दोन म्हटलं नाही. निघताना एमेटचा हात हातात घेऊन म्हणते, "पुढच्या जुलैत येऊ का?"

एमेट ओशाळला. "या की, काकू. पण धडधाकट गाडी इथे लावू देत नाहीत, फक्त मोडलेली. गावाचा नियम आहे."

म्हणून सध्या मी रोज गाडीखाली पाठीवर पडून बघतोय, पुढच्या जुलैसाठी काय मोडावं.