देशपांडेकाका आणि मोहरीतली हिलसा

आमच्या देशपांडेकाकांना फुटबॉलचं वेड कसं लागलं, ठाऊक आहे? स्वातंत्र्यानंतरची पहिलीच वर्षं. कलकत्त्याच्या बेहाला भागात आम्ही दोघंही घोषबाबूंचे भाडेकरू. आपला क्लब जिंकला की घोषबाबू घरभर मोहरीतला हिलसा मासा वाटायचे. काका कट्टर शाकाहारी, नाक दाबून खिडकी लावून घ्यायचे. आमचा स्ट्रायकर हारू गोल चुकवायचा तेव्हा सगळ्यांत खूश तेच. "बैल हाकायला पाठवा त्याला," म्हणायचे.

पुढे हारूला सूर सापडला आणि हिलसा वरचेवर येऊ लागली. एकदा घोषबाबूंचं मन मोडू नये म्हणून काकांनी तुकडा चाखला. दुसऱ्या दिवसापासून तेच आम्हाला समजावू लागले, "पोराचा पाय बसत चाललाय रे, यंदा लीग आपलीच!"

शेवटच्या मॅचला सगळे मैदानावर गेलो. हारूने रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारला आणि आम्ही हरलो. काकांनी कपाळावर हात मारला, "अरे मेल्या, सकाळीच मोहरी वाटून ठेवली होती मी!"

घोषबाबूंनी डोळे पुसत विचारलं, "पण देशपांडेबाबू, तुम्ही तर शाकाहारी ना?"

"मग? मोहरी शाकाहारीच असते!"